आजेसासऱ्याची चुडी

माझ्या लेकीनं आपल्या आजेसासऱ्याचा आवाज लातूरच्या सदतीस बायकांच्या कपाळाला लावला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला लावला, आणि वर प्रत्येकीला डबीत भरून घरीही दिला.

मला हे कळलं वैशाखात. विशाखाच्या लग्नाला वर्ष झालं होतं आणि ती माहेरपणाला नांदेडला आली होती. दोन दिवस नुसती भिंतीकडं बघत बसली. मी म्हटलं, दिवस राहिले असतील. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं पितळेची एक डबी माझ्यापुढं सरकवली. आमच्या वेळी कुंकू नुसतं टेकवत नसत. आधी कपाळावर मेणाचं बोट फिरवायचं, मग त्यावर कोरडं कुंकू. तसलं मेण होतं डबीत. मी बोटावर घेऊन हुंगलं. खोबरेल होतं, पोळ्याचं मेण होतं, आणि दोन्हींच्या तळाशी तिसराच एक वास होता, जुन्या साबणाच्या वडीसारखा. तो वास मी झोपेत ओळखीन.

"चुडी वितळवलीस?" मी विचारलं.

तिनं पदर तोंडात कोंबला.

चुडी म्हणजे काय ते सांगते, कारण हल्लीच्या पोरांना तबकडीसुद्धा माहीत नसायची. तबकडीच्या आधी चुडीचा बाजा होता. मेणाची पोकळ नळी, लहान पेल्याएवढी, तिच्यावर केसाहून बारीक रेघ कोरलेली. नळी फिरते, रेघेतून खडा सरकतो, खड्याच्या डोक्यावरची अभ्रकाची चकती थरथरते आणि भोंग्यातून माणूस बोलतो. आमचे हे, दत्तोपंत, घडीसाज. नांदेडातच वजिराबादेत दुकान. घड्याळं त्यांची, बाजे माझे. मी दोन बुकं शिकलेली, तीही मास्तर आजारी असताना. पण निजामाच्या अख्ख्या मुलखात चुडीचा कुठलाही बाजा डोळे बांधून हातात दिला असता तरी कुठला, केवढ्याचा आणि कुण्या गाढवानं बिघडवला, ते मी सांगितलं असतं. आणि माझ्याच पोटच्या पोरीला मेण कोणतं न् चुडी कोणती ते कळू नये.

तिचंही सगळं चुकलं असं नाही. चुडी पुठ्ठ्याच्या डब्यात कापसात ठेवायची असते. माझ्या विहिणीनं, सौदामिनीबाईंनी, ती लाल फडक्यात बांधून पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवली होती. तीस उन्हाळे त्या पत्र्याखाली काढून ती बसली होती लाडवासारखी. भोक बुजलेलं, रेघ जिरलेली. विशाखा मेणाच्या शोधात माळ्यावर चढली, फडकं सोडलं, काकवीच्या रंगाचा गोळा दिसला. तिनं तो पोळ्याच्या मेणात नि खोबरेलात कढवला. गोळा लवकर वितळेना म्हणून वरून जाळ वाढवला, हे तिनंच सांगितलं.

नंतर सासूबाई जेवताना म्हणाल्या, "यंदा पुण्यतिथीला मामंजींचा आवाज ऐकायचा. नांदेडच्या व्याह्यांना बाजा दुरुस्त करायला बोलावते." तेव्हा हिला कळलं, लाल फडक्यातलं ते काय होतं.

आता त्या घरची तऱ्हा ऐका. मामंजी म्हणजे विशाखाचे आजेसासरे रेणुकादास, लातूरच्या तहसिलीत पेशकार होते. ते गेले त्याला तीस वर्षं झाली, पण घरात अजून त्यांचाच अंमल. त्यांची खुर्ची, त्यांची काठी, त्यांची चुडी. थोरल्या सुनेच्या हातून त्यांच्या आरशाला तडा गेला होता तर सौदामिनीबाईंनी तिला सहा महिने माहेरी बसवली. चुडीबद्दल काय शिक्षा झाली असती ते विशाखाला मोजता येत नव्हतं. जावई, उद्धवराव, चांगला होता, पण आईपुढं त्याचा आवाज भोंगा काढलेल्या बाज्याएवढा.

"मला परत नेणार न्हाईत आई," विशाखा म्हणाली.

मी तिला आधी चांगली झोडपली, तोंडानं. मग विचारलं, त्या चुडीत होतं काय?

विशाखानं सांगितलं, सासूबाई म्हणतात, भजन होतं. सासरे म्हणतात, गीतेचा अख्खा अध्याय. चुलतसासरे सांगतात, फारसी शेर. आणि घरचा जुना गडी सांगतो, मालकांनी इंग्रज साहेबाला झाडलं होतं ते आहे त्यात. चुडी दोन मिनिटांची. तिच्यात गीतेचा अध्याय बसवायचा तर पेशकारांनी आगगाडीसारखं बोललं पाहिजे. चार माणसं, चार चुड्या. म्हणजे ऐकलेली कुणीच नाही. मला हायसं वाटलं.

"आणि आजेसासूबाई? त्या काय म्हणतात?"

"मोठ्याबाईंना कुणी विचारलंच न्हाई."

मी हातपाय धुतले आणि ट्रंक उघडली.

माझ्याकडं जुन्या चुड्यांचा साठा होता. बुरशीनं खाल्लेल्या, पण अंगानं शाबूत. त्यातली एक निवडली, मोठ्या बाज्यावर चढवली आणि पात्यानं तासली. वरचा थर साईसारखा निघतो, खाली कोरं मेण लागतं. थंडीत ते ऊब देऊन मऊ करावं लागतं. नांदेडच्या वैशाखात ते कष्ट पडत नाहीत. मग ऐकायचा खडा काढून कोरायचा बसवला. राहता राहिला आवाज.

ह्यांचा आवाज बारीक. ते भोंग्यात बोलले असते तर पेशकारांच्या ऐवजी पेशकारीणबाई आल्या असत्या. माझा लहानपणापासून जाडाभरडा. माझ्या सासूबाई म्हणायच्या, तू आत बोललीस की ओसरीवर वाटतं घरात कुणी फौजदार आलाय. त्या गुणाचा उपयोग व्हायला पंचवीस वर्षं लागली.

काय बोलायचं ते मी ठरवलं होतं. बाळांनो, सुखानं राहा. देवाचं नाव घ्या. नातसुनेला जपा, आणि तिच्या भातावर तूप वाढताना हात आखडू नका. हे शेवटचं मी आवर्जून घातलं. विशाखा सांगायची, तिच्या सासूबाई तुपाच्या भांड्यात चमचा बुडवतात आणि निथळू देतात.

हे घड्याळाचं भिंग डोळ्याला लावूनच म्हणाले, "पेशकारांनी चुडी भरली तेव्हा त्यांच्या पोराचंसुद्धा लग्न झालेलं नव्हतं. नातसून कुठून आली त्यांना?"

"थोर माणसांना पुढचं दिसतं."

"एवढं दिसत होतं तर चुडी माळ्यावर ठेवू नका, असं आधी सांगितलं असतं."

पंचवीस वर्षांत हे चार वेळा शहाण्यासारखं बोलले असतील, त्यातली ही एक. मी नातसून काढली आणि घरात येणाऱ्या लेकीबाळी घातल्या. भोंग्यात तोंड खुपसून, एका सुरात, न ओरडता बोलले. कोरताना मेणाची केसासारखी तार निघत राहते. ती विशाखानं मऊ कुंचल्यानं झाडली. लावून बघितलं तर आत कुणीतरी म्हातारा विहिरीच्या तळाशी बसून आशीर्वाद देत होता. विशाखा शहारली. मीही जरा दबकलेच. शेवटी अर्ध्या बोटाएवढं मेण कोरं राहिलं, ते तसंच सोडलं.

ज्येष्ठ लागताच आम्ही तिघं लातूरला निघालो. चुडी उभ्या पितळी डब्यात, भोवती कापूस, वरून ओलं फडकं. मोटारीचा कंडक्टर डबा टपावर टाकायला निघाला. मी म्हटलं, आत देव आहेत, आमचे देव टपावर बसत नाहीत. अहमदपूरपर्यंत शेजारची बाई डब्याला नमस्कार करत होती.

एक धाकधूक मात्र होती, आणि ती मी ह्यांनासुद्धा सांगितली नव्हती. लहान बाजे दोन जातींचे. काहींना आडवा पेच असतो, तो खडा पुढं सरकवतो. असला बाजा वाजवतो आणि कोरतोसुद्धा. काहींना पेच नसतो, रेघच खड्याला ओढून नेते. त्याला कोरता येत नाही. म्हणजे नुसतं वाचता येणारे आणि लिहिता-वाचता येणारे. व्याह्यांचा बाजा बिनपेचाचा निघाला तर त्याच्यावर रेणुकादासांनी चुडी भरलीच कशी, हा प्रश्न मला सोडून कुणाला पडला नसता. पण ह्यांच्या धंद्यातला एखादा पाहुणा आला असता तर? विशाखाला विचारलं होतं. ती म्हणाली, मी कधी खाली वाकून बघितलं न्हाई.

सौदामिनीबाईंनी चहा दिला, गुळाचा. मग बाजा आणला, मखमल पांघरलेला, जसा काही दहा दिवसांचा नवरदेव.

"रेसिडेन्सीच्या साहेबानं मामंजींना स्वहस्ते दिलेला आहे हो," त्या म्हणाल्या. "लाखात एक."

मी मखमल बाजूला केली. बिडाची काळी बैठक, सोनेरी पट्ट्या घासलेल्या, गजराच्या घड्याळासारखी किल्ली, झाकण नाही, पत्र्याचा वीतभर भोंगा. ही जात मी ओळखत होते. सगळ्यांत लहान, सगळ्यांत स्वस्त. मुंबईत खेळण्यांच्या शेजारी मांडून विकत. एरवी मी हे तिथंच सांगून त्यांचा चहा गोड केला असता. पण मी वाकून बघितलं. पेच होता. मी म्हटलं, "लाखात एकच आहे, विहीणबाई." आयुष्यात मी इतकं खोटं कधी बोलले नव्हते, पुढं बोलणार होते ते सोडून.

बाज्याचा बिघाड काढायला आम्हाला दोन दिवस लागले. बिघाड काय, भक्ती होती. दर खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात त्यात हाही पुजलेला. तीस वर्षांचं तेल, हळद, कुंकू, तूप, सगळं दात्यांत जाऊन दगड झालं होतं. एकोणतीस अक्षता निघाल्या, मी एका वाटीत जमवल्या. त्यातली एक वेग आवरणाऱ्या गोळ्यांच्या सांध्यात अडकलेली. तिनंच बाजा बंद पाडलेला. लढाईमुळं रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून व्याह्यांच्या कंदिलातलं काढलं आणि कमान, बाजा चालवणारी ती गुंडाळलेली पोलादी पट्टी, त्यात भिजत घातली. व्याही अंधारात जेवले. अभ्रकाची चकती तडकलेली. माझ्या बटव्यातली नवी बसवली. तिच्या कडेचं रबर वाळून चिंचोक्यासारखं झालं होतं. त्या जागी सायकलच्या वॉलट्यूबचं कडं कापून घातलं. सौदामिनीबाई जवळ बसून मामंजींच्या गोष्टी सांगत होत्या आणि मी वाटीत अक्षता टाकत होते. तेवढ्यात विशाखानं नवी चुडी लाल फडक्यात बांधून माळ्यावर नेऊन ठेवली.

पुण्यतिथीला नैवेद्य झाला, पंगतीच्या आधी सगळे माजघरात जमले. मोठ्याबाई, म्हणजे पेशकारांची बायको, कोपऱ्यात जपमाळ घेऊन. सत्तरीच्या, विधवेच्या लाल आलवणातल्या, इतक्या बारीक की पाटावर बसल्या तरी पाट रिकामा वाटे. सौदामिनीबाईंनी स्वतः माळ्यावरनं फडकं आणलं, सोडलं. चुडी आतून दोन बोटांनी धरायची असते. त्यांनी अंगठ्यानं बाहेरून धरली. मी ती घेतली, चढवली, किल्ली दिली.

विहिरीच्या तळातून म्हातारा बोलला. सुखानं राहा म्हणाला, देवाचं नाव घ्या म्हणाला, लेकीबाळींना जपा म्हणाला. आणि तुपाचं म्हणाला. ते झाल्याबरोबर मी खडा उचलला.

सौदामिनीबाईंच्या डोळ्यांतनं धारा. "अगदी मामंजी. लग्नानंतर एकच वर्ष ऐकला, पण हा आवाज मी लाखात ओळखला असता." व्याही म्हणाले, गीतेवरचंच बोलत होते, पुढचं पुसलं असेल. चुलतसासऱ्यांनी फारसी शेराला नाइलाजानं सोडलं. त्या दिवशी पंगतीत भातावर तुपाची धार पडली ती थांबेना. विशाखानं माझ्याकडं बघितलं, मी ताटाकडं.

जेवणं झाली, घर आडवं झालं. मोठ्याबाईंनी मला आणि विशाखाला त्यांच्या खोलीत बोलावलं. येताना बाजा आणा, म्हणाल्या. दार लावून घ्यायला सांगितलं.

"उमाबाई," त्या म्हणाल्या, "घसा बसला का हो तुमचा?"

मी म्हटलं, नाही, का?

"एवढं मोठं बोललात म्हणून विचारलं."

हळूहळू माळ ओढत त्यांनी सांगितलं ते असं. बाजा आला त्या दिवशी पेशकारांनी कोट चढवला, सगळ्यांना घराबाहेर काढलं आणि भोंग्यापुढं बसले. किल्ली द्यायला फक्त ह्या. चुडी फिरायला लागली आणि तहसिलीत दहा माणसांना उभ्यानं कापणारा माणूस गप्प झाला. खाकरला. "सुरू झालं का?" म्हणाला. परत खाकरला. घाम पुसला. "संपलं का?" म्हणाला. तेवढ्यात संपलं. बाहेर जाऊन सांगितलं, भजन म्हटलं. पुढं जो विचारील त्याला नवंच काही सांगायचे. बाजा दहा जणांना ऐकवायची वेळ आली की त्याची कमान बिघडायची.

"मग माजघरात का नाही बोललात?" मी विचारलं.

"मला कुणी विचारलं?" त्या म्हणाल्या. मग विशाखाकडं वळून, "काय केलंस गं चुडीचं?"

विशाखानं सांगितलं. कपाळं, डब्या, सदतीस बायका, सगळं. मोठ्याबाई इतक्या हसल्या की माळ हातातनं पडली. म्हणाल्या, जन्मभर त्यांनी कुठल्या बाईचं ऐकलं नाही, आता बायकांच्या कपाळी बसून ऐका म्हणावं.

मग म्हणाल्या, "मी सांगणार न्हाई. पण माझं एक काम करा. खोटं केलंच आहे तर पुरतं करा. त्यांच्या तोंडून माझं नाव येऊ द्या."

नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हतीच तेव्हा. लग्नात तांदळात अंगठीनं लिहितात तेवढंच. पेशकारांनी तेही लिहिलं आणि लगेच हातानं तांदूळ सारखे केले. घासाच्या वेळी बायकांनी नाव घ्या, नाव घ्या केलं, तर पाण्याचं निमित्त करून उठले. पुढं हयातभर "ऐकलं का" आणि "कुठं मेली". लेकरं आई म्हणायची, सुना मोठ्याबाई. सरकारी कागदावर "बेवा रेणुकादास", म्हणजे रेणुकादासांची विधवा. माहेरचं सगळं माणूस संपलं होतं. घरात ते नाव माहीत असलेलं कुणी उरलं नव्हतं.

"काय नाव आपलं?" मी विचारलं.

त्यांना ते चटकन सांगता येईना. दुसऱ्याची वस्तू उचलावी तसं दबकत म्हणाल्या, "चंद्रप्रभा."

अर्ध्या बोटाएवढी जागा होतीच. मी कोरायचा खडा बसवला, विशाखाला दारापाशी उभं केलं. आधी तोंडानं म्हणून दाखवलं. मोठ्याबाईंनी मान हलवली. "हे तर हळदीकुंकवाला बोलवल्यासारखं झालं. नवरा असं म्हणंल का? पाणी मागतात तसं म्हणा."

मी भोंग्यात म्हटलं, "चंद्रप्रभा, पाणी."

मग लावलं. विहिरीच्या तळातून म्हातारा बोलला. मोठ्याबाईंनी पदर सारखा केला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठायलाच लागल्या. अर्ध्यात त्यांच्या ध्यानात आलं. परत बसल्या, माळ हातात घेतली. मी बाजा उचलला आणि विशाखाला म्हटलं, चल.

तिथंच थांबलं असतं तर ही गोष्ट मी कुणाला सांगितली नसती. पण तिसऱ्या दिवशी औशाचे पाहुणे आले, ज्यांना पुण्यतिथीला यायला जमलं नव्हतं. सौदामिनीबाईंनी परत दरबार भरवला. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते, मला वर्दीच नाही. उद्धवरावांनी किल्ली दिली. म्हातारा सुखानं राहा म्हणाला, तुपापर्यंत आला. मी लाटणं टाकून धावले. उद्धवरावांनी खडा उचलायला हात पुढं केला होता, पण मोठ्याबाई म्हणाल्या, "राहू दे रे. शेवटपर्यंत चालू दे."

चालली. खरखर, खरखर, आणि मग स्वच्छ आवाजात, "चंद्रप्रभा, पाणी."

पाहुण्यांतल्या एका बाईनं विचारलं, "चंद्रप्रभा कोण?"

सौदामिनीबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं चुलतसासऱ्यांकडं. चुलतसासऱ्यांनी खाली. आईला काही नाव असेल, हे त्या तिघांच्या डोक्यात उभ्या जन्मात आलं नव्हतं. दुसरं मात्र लगेच आलं, तिघांच्याही, एकदम. पाहुण्यांच्या तर त्याआधीच.

सौदामिनीबाईंनी झटक्यात चुडी काढली, फडक्यात गुंडाळली, ट्रंकेच्या तळाशी घातली आणि कुलपाची किल्ली कमरेला. चुडीला आता ह्या घरात कुणी हात लावणार नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं, आणि विशाखाला माहेरी बसवायचं कारण जगात उरलं नव्हतं. मला त्यांनी हात धरून कोठीत नेलं.

"विहीणबाई, हे नांदेडला बोलू नका. तुमची लेक या घरात आहे."

"माझी लेक आहे म्हणूनच बोलणार नाही," मी म्हणाले. "तिला जपा म्हणजे झालं."

दोन दिवस घरात सगळे कुजबुजत होते. व्याह्यांनी जुने कागद धुंडाळले. चुलतसासऱ्यांना म्हणे एक नायकीण आठवत होती, किल्लारीच्या बाजूची. मोठ्याबाई माळ ओढत कोपऱ्यात बसलेल्या. आम्ही निघायच्या दिवशी सौदामिनीबाईंनी धीर केला, त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि पोराला पाजावं इतक्या हळू विचारलं, सासूबाई, तुम्हाला कधी काही संशय आला होता का?

मोठ्याबाईंनी माळेचा मणी पुढं सरकवला.

"असंल कुणीतरी," त्या म्हणाल्या. "पाणी मात्र तिच्याच हातचं प्यायचे."